सव्वा इंच

“हात वर कर, रुपे! वर कर गं हात! दिसू दे सगळ्यांना!”

बावीस वर्षं हा आवाज रूपाच्या कानात राहायला आहे. आवाज तिच्या पप्पांचा, पण आजच्यासारखा बसका नव्हे. नव्या घंटेसारखा खणखणीत. आवाजाखाली ढोल, आवाजावर निळ्या झेंड्यांची सळसळ, आणि मधे पप्पांच्या खांद्यावर ती, तीन वर्षांची. चौदा एप्रिलची मिरवणूक क्रांती चौकाकडं मुंगीच्या पावलानं सरकत होती. एवढंच. त्याच्या आधीचं काही नाही, नंतरचंही नाही. कुणी विचारलं, तुझी सगळ्यात जुनी आठवण कोणती, तर रूपा हीच सांगते आणि सांगता सांगता तिचा चेहरा उजळतो.

हात वर केला होता का आपण? ते मात्र तिला आठवत नाही. आठवायची कधी गरजही पडली नव्हती, कडुबातात्यांनी तिला मोजेपर्यंत.

कडुबातात्या करमाडचे. टोपल्या, सुपं, शिड्या, बांबूचं जे जे होतं ते त्यांच्या हातून होतं. तरुणपणी ते बांबू आणायला कन्नडच्या डोंगरात जात. तिथल्या भिल्ल मित्रांनी त्यांना कमठा घडवायला शिकवलं, बांबूचं धनुष्य. तेव्हापासून टोपल्या पोटासाठी आणि कमठे जिवासाठी, असं चाललेलं. रूपाला तिथं नेलं प्रेरणानं. दोघी शेंद्र्याच्या एका कारखान्यात. प्रेरणा पॅकिंगला, रूपा क्वालिटीला. दिवसभर हातात माप घ्यायचा व्हर्नियर, पुढ्यात बुशांचा, म्हणजे चकचकीत लोखंडी कड्यांचा, ट्रे, आणि डोक्यात एकच प्रश्न, मापात आहे का नाही. प्रेरणा करमाडचीच. एका रविवारी म्हणाली, “चल, आमच्या तात्यांकडं बाण मारू.” रूपाचा पहिला बाण कडब्याच्या गंजीपर्यंतसुद्धा पोचला नाही, निम्म्या वाटेत मातीत तोंड खुपसून बसला. पण दोरी सुटताना जो आवाज झाला, पाखरू उडाल्यासारखा, तो ऐकायला ती पुढचे चार महिने दर रविवारी येत राहिली.

संक्रांत झाली आणि तिनं भीत भीत विचारलं, “तात्या, माझ्यासाठी एक कराल?”

तात्यांनी चुलीच्या वरच्या आढ्याकडं बोट दाखवलं. धुरानं चहाच्या रंगाचा झालेला एक बांबू तिथं आडवा पडला होता.

“सात वर्सं वाळलाय तो. असा पुन्ना माझ्या हातून व्हायचा नाय, डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तुला देतो. पण होळीच्या आत झाला पायजे. ऊन चढलं की बांबू तडकतो.”

“उंची सांगू का? पाच फूट एक इंच.”

“उंची शिंप्याला सांग. मला हात पसरून दाव.”

रूपानं हात पसरले. तात्यांनी सुतळीचं एक टोक तिच्या गळ्याखालच्या खळग्यावर धरलं, दुसरं उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत नेलं आणि गाठ मारली. मग तेवढीच सुतळी आणखी एकदा घेतली.

“ही झाली तुझी वाव. दोन्ही हात पसरल्यावर या टोकापून त्या टोकापत्तुर. पयले हिरीचा दोर वावेनंच मोजायचे. आता हिच्या पाच घड्या घाल.”

तिनं पाच घड्या घातल्या.

“त्यातल्या दोन उलगड. ही तुझी खेच. कमठा हातात धरून दोरी गालापत्तुर आणली, तर मधलं अंतर एवढं. मोज तुझ्या टेपानं.”

“सव्वीस इंच,” रूपा म्हणाली.

“सव्वीस?” प्रेरणा उसळली. “तात्या, माझी पंचवीस निघाली होती! ही बुटुक बैंगण माझ्या खांद्याला लागती!”

“तुझी उंची समदी पायात गेली, बाई. पायानं दोरी ओढती का?”

रूपाला हसू आवरेना. पण हसता हसता तिनं मोबाइल काढून सगळं टिपून घेतलं. उंची एक, वाव दुसरी, खेच तिसरीच. आजवर तिनं हजारो बुश मोजले होते. एकाच साच्यातले, एकाच मापाचे. माणसाच्या मापांची आपसात ओळखसुद्धा नसते, हे तिला नवीन होतं.

“आणि जाडा माणूस असला तर, तात्या?”

“ते त्या शिवराज पैलवानाला इचार. हे एवढी छाती, हे एवढे दंड. वावेवरनं खेच निघाली अठ्ठावीस. ओढाया गेला तर दोरी छातीलाच घासाया लागली, अन खांदे मांसानं भरलेले, ते मागं जाईनात. सत्तावीसच्या पुढं हालला नाय गडी. लई चिडला. म्हणला, कमठ्यात खोट हाय. म्या म्हणलं, पैलवान, खोट खुराकात हाय.”

“आणि मान लांब असली तर?”

“मान लांब, जबडा लांब, समद्यानं पाव-अर्धा इंच इकडचा तिकडं व्हतो. दोरी ओठाच्या कोपऱ्याला लागली की थांबायचं. प्रत्येकाच्या ओठाचा कोपरा देवानं येगळ्या जागी ठिवलाय. आता धर, करून बघू.”

तात्यांनी तिला लांब बाण दिला. त्यावर इंचाइंचाच्या खुणा होत्या. तिनं डाव्या हातात कमठा धरला, उजव्यानं दोरी ओढली, ओठाच्या कोपऱ्याशी आणली. प्रेरणानं कमठ्याच्या पोटाशी बाणावर खडूची रेघ मारली.

पावणेपंचवीस.

पुन्हा ओढली. पावणेपंचवीस. तिसऱ्यांदाही तेच.

“सव्वा इंच कुठं गेला?” रूपा म्हणाली. कारखान्यात तीनदा एकच माप आलं, की चूक मोजण्यात नसते, मालात असते. इथं माल ती स्वतःच होती.

तात्यांनी गाठीची सुतळी पुन्हा तिच्या गळ्याशी धरली आणि या वेळी डाव्या हाताकडं नेली. तिच्या बोटाच्या पुढं दोन बोटं सुतळी उरली, लोंबत राहिली.

“कोपर सरळ कर.”

“सरळच आहे की.”

“उजव्याशेजारी ठिव.”

तिनं दोन्ही हात पुढं करून पाहिले. उजवा पट्टीसारखा. डावा कोपराशी किंचित थबकलेला, दारात उभं राहून आत येऊ का विचारणाऱ्या माणसासारखा. रूपाला तो माहीत नव्हता असं नाही. बांगड्या भरताना, कपडे वाळत घालताना तो असाच होता. पण तो तिचा हात होता, आणि आपला हात कुणी मोजत बसतं का?

तात्यांनी अंगठ्यानं कोपर चाचपलं. “हितं गाठ हाय. पडली व्हतीस का कधी?”

“नाही. जन्माचाच असा आहे. आई सांगते.”

“हं.” तात्या खाली बसले. “मग घरी नीट इचार. का इचारतो, ते ऐक. जलमाचा, नाय तर सवयीनं आखडलेला असंल, तर तेल लाव, हळूहळू उघडंल. मग कमठा डाव्यालाच ठिवू अन सव्वीसला नेऊ. पण हाड मोडून बसलेलं असंल, तर ते जलमात उघडायचं नाय. मग कमठा द्यायचा उजव्या हाताला अन दोरी डाव्याला. दोरीच्या हाताला तसंबी वाकावंच लागतं, त्याचं काय अडत नाय. तरी सव्वीसच भरंल. पण मला आधी कळाया पायजे. बाण टेकायची खाच एकाच अंगाला पडती. चुकीच्या अंगाला पडली की बांबू गेला. दुसरा नाय माझ्याकडं.”

बजाजनगरच्या घरी पोचेपर्यंत रूपाच्या डोक्यात तो सव्वा इंच फिरत होता. आई, गीताबाई, भाकरी थापत होती. पप्पा, राजकुमार, दारात खुर्ची टाकून बसले होते. वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. रूपाला बाराव्या वर्षी व्हर्नियर वाचायला त्यांनीच शिकवलं. सुताचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. शेजाऱ्याच्या दाराची चौकट वाकडी बसली होती, तर ती सरळ होईपर्यंत हे त्या दारासमोरून जाताना मान फिरवायचे.

“आई, माझा डावा हात कशानं असा आहे?”

भाकरीवरचा हात क्षणभर थांबला. “जन्माचाच. तू आडवी आली होतीस ना. सुईण ओढत होती.”

“सव्वा इंच आखूड आहे, पप्पा. दहा सूत!”

राजकुमार खुर्चीतून वळले. मग म्हणाले, “मोजलं कुणी?”

“करमाडच्या तात्यांनी. सुतळीनं.”

“सुतळी ताणती,” ते म्हणाले आणि उठून नळाला पाणी आलं का बघायला गेले. नळाला पाणी दिवसाआड यायचं, आणि कालच आलं होतं.

त्या दिवसापासून आईनं रोज सकाळी तेल कोमट करून तिचा हात चोळायला सुरुवात केली. चोळताना ती गुणगुणायची. गाणं कुणाचं ते ठाऊक नाही. आईची आई गायची, तिच्यापासून आईकडं आलेलं.

*वाकडी माझी येल, चढली गं मांडवाला,*
*फुलाच्याबी आधी, सावली दिली मला.*

“वाकडी का गं?” रूपानं विचारलं.

“गाण्यात असतं तसं,” आई म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून आत गेली.

पण रूपाला एखादी गोष्ट टोचायला लागली, की ती मापात बसेपर्यंत टोचायची. एका रविवारी तिनं लोखंडी कपाटातला जुना अल्बम काढला. स्टुडिओतला फोटो. मागं रंगवलेला ताजमहाल, पुढं लाकडी घोडा, घोड्यावर ती. वाढदिवस दुसरा, मागं पप्पांच्या अक्षरात तारीख. घोड्यावरची रूपा दोन्ही हात वर करून कुणाकडं तरी झेप घेत होती. तिनं कंपासपेटीतला कोनमापक फोटोवर ठेवला. उजवा हात, सरळ. डावा हात...

डावा हातही सरळ होता. काडीसारखा.

तिनं कोनमापक उचलून पुन्हा ठेवला. तेच. मग तिच्या मनात आनंदाची एक लाट आली, आणि त्या लाटेवरच ती चुकली. जन्माचा नाही, हे तर दिसतच होतं. पडल्याचं कुणी बोललं नव्हतं. आणि तिच्या घरात कुणी खोटं बोलत नसे, निदान मापाच्या बाबतीत तरी नाही. म्हणजे हात मोडलेला नव्हता. आईची आठवण चुकली असेल. हात सवयीनं आखडला होता. आखडलेलं उघडतं.

“पप्पा, हे बघा! दोन वर्षांची असताना सरळ होता! उघडणार हा!”

राजकुमारनी फोटो हातात घेतला. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतलाच नाही.

“तेल लावतीस ना? तेवढं बास,” ते म्हणाले.

पण रूपाला बास नव्हतं. तिनं रंगाचा रिकामा डबा आणला, त्यात वाळू भरली, आणि रोज कामावर जायच्या आधी दाराशेजारच्या खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवून तो डबा डाव्या हाताला लटकवून धरायला लागली. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत आकडे. दुसऱ्या आठवड्यात पन्नासपर्यंत. रोज भिंतीवर पेन्सिलीनं खूण. खुणा एकमेकींवरच पडत होत्या. तिसऱ्या आठवड्यात कोपर सुजलं. ती म्हणाली, “उघडताना दुखणारच.” वाळू आणखी दोन ओंजळी वाढवली.

राजकुमार दारात बसून बघत. एकदा त्यांनी डब्यातली वाळू गुपचूप अर्धी काढून कुंडीत टाकली. रूपाच्या हाताला वजनातला फरक लगेच कळला. तिला वाटलं आईनं काढली. तिनं ती परत भरली.

होळीच्या आधीच्या रविवारी सूज एवढी वाढली, की गाडीचं हँडल धरवेना. “मी येतो सोडायला,” राजकुमार म्हणाले. करमाडला ते पहिल्यांदाच येत होते. वाटेत शेंद्रा गेलं, कारखान्याची लांब भिंत गेली, ज्वारीची काढणी झालेली रानं आली, आणि सगळ्या वाटेत बापलेकीत एकच बोलणं झालं.

“कशाला एवढं? चोवीस-पंचवीस खेच असली म्हणून काय बिघडतं?”

“माझं माप सव्वीस आहे, पप्पा. मला माझं माप पाहिजे.”

तात्यांच्या अंगणात कडुनिंबाच्या खोडाला एक खुंटी ठोकलेली होती. तिच्यावर नवा कमठा आडवा बसवलेला, दोरी खाली लोंबणारी, आणि खोडावर खडूच्या खुणा. प्रेरणा दोरीला धरून उभी होती. तात्या काचेच्या तुकड्यानं बांबूचं पोट हलकेच खरवडत, मागं सरत, डोळे बारीक करून दोन्ही बाजूंची वाकण बघत, पुन्हा खरवडत.

“जयभीम, तात्या. हे माझे पप्पा.”

“जयभीम, जयभीम. या, बसा. लेथवर हाय म्हणली पोरगी. मग तुमाला कळंल हे. कमठ्याचे दोन्ही पाय सारखे वाकले पायजेत, नाय तर एकावरच भार येतो.”

“कळतं,” राजकुमार म्हणाले. त्यांनी कमठ्यावरून बोट फिरवलं. हात लेथच्या माणसाचा, लगेच थांबला तिथं. “इथं किंचित उंच आहे.”

तात्या खूश झाले. “बघ! मला दिसंना ते, डोळ्यामुळं. खरडा तुमीच.”

राजकुमारनी काच घेतली आणि चार हात मारले. पातळ, केसासारख्या साली खाली पडल्या. रूपा बघत राहिली. किती दिवसांनी तिनं त्यांच्या चेहऱ्यावर काम बघितलं होतं.

प्रेरणानं दोरी ओढली. खुणेवर आली. पावणेपंचवीस. बांबू न कुरकुरता वाकला.

“हितवर आलाय,” तात्या म्हणाले. “आता सांग, रूपा. हात उघडला का?”

“उघडतोय,” ती म्हणाली आणि सुजलेलं कोपर ओढणीखाली घेतलं. “पुढं न्या. सव्वीसला. कमठा डाव्यालाच.”

“नेला अन हात नाय उघडला, तर कमठा मऊ पडंल. बाण गंजीपत्तुर जायचा नाय.”

“उघडेल, तात्या. मी डब्यात आणखी वाळू घालते. पाडा खाच.”

तात्यांनी कानस उचलली. बांबूच्या डाव्या अंगावर अंगठ्यानं जागा धरली.

“थांबा,” राजकुमार म्हणाले.

आवाज इतका हळू होता, की कानस एकदा घासून गेली. धुराच्या रंगावर एक पांढरी रेघ उमटली. पण तात्यांनी मान वर केली.

“सव्वीसला न्या. पण खाच उजव्या अंगाला पाडा. कमठा तिच्या उजव्या हातात जाऊ द्या.”

“का?” रूपा म्हणाली. “पप्पा, का?”

राजकुमारनी काचेचा तुकडा खाली ठेवला. नीट, धार मातीकडं करून.

“तो हात जन्माचा नाही, रुपे. आणि आखडलेलाही नाही. मोडला होता. कितीही वाळू घाल, तो उघडायचा नाही.”

प्रेरणानं दोरी सैल सोडली. कमठा हलकेच सरळ झाला.

“चौदा एप्रिलच्या टेम्पोवरचा देखावा मी केला होता, तू तीन वर्षांची होतीस त्या वर्षी. महिनाभर ड्यूटी करून वर ते काम. तुला वर बसवलं आणि खाली पोरांशी बोलत उभा राहिलो. टेम्पोचा मागचा फाळका लावायचं काम माझ्याकडं होतं. लावला नव्हता. तू पडलीस, याच हातावर. मी उचललं, फ्रॉक झटकला, कोपरावर फुंकर घातली. समोर क्रांती चौक दिसत होता. वर्षभर त्या दिवसाची वाट बघितलेली. मला वाटलं, लागलं असेल थोडं. तुला खांद्यावर घेतलं. चार तास.”

“आणि डॉक्टर?”

“दुसऱ्या दिवशी हात सुजून हा एवढा. डॉक्टर विचारतील, कधी पडली, काल का नाही आणली. त्याची लाज वाटली. तुझ्या आजोळी हाडवैद्य होता, त्याच्याकडं नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. महिन्यानं सोडल्या, तेव्हा हात असा होता. तुझी आई कधी खोटं बोलली नाही, रुपे. तिनं माझं खोटं सांभाळलं.”

रूपानं ओढणीखालून हात काढला. उन्हात धरला. बावीस वर्षांचा ओळखीचा हात, आज पहिल्यांदा बघावा तसा बघितला.

“पण तुम्ही तर म्हणत होता ना, हात वर कर, हात वर कर.”

“म्हणत होतो. तू उजवा केलास. दुसराही कर, म्हणून मी ओरडत होतो. तो माझ्या डोक्यावर नुसता पडून होता.”

“मला वाटायचं, मी हसत होते.”

“रडत होतीस.” राजकुमारनी हातावरची बांबूची भुकटी पुसली. ती आधीच पुसलेली होती. “ढोलात कुणालाच ऐकू जात नव्हतं. पण तुझं तोंड माझ्या कानाशी होतं, रुपे. मला ऐकू येत होतं.”